कुंदूझचं रुग्णालय: चूक, हयगय की गुन्हा?

३ ऑक्टोबर २०१५ ची पहाट, २ वाजून ७ मिनिटं. उत्तर अफगाणिस्तानातल्या कुंदूझ शहरावर घिरट्या घालणाऱ्या अमेरिकेच्या एसी-१३० विमानातून बगराम तळावरच्या अमेरिकी लष्करी मुख्यालयाला निरोप गेला की आता एका इमारतीवर मारा करतोय. निरोपात इमारतीचे अक्षांश-रेखांशही होते. ते 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' म्हणजे एमएसएफ या संस्थेच्या रुग्णालयाचे होते. कुठे मारा करायचा नाही याची यादी मुख्यालयाकडे होती आणि त्या यादीत हे रुग्णालय होतं. विमानातून आलेले आकडे आणि यादीतले आकडे एकच आहेत, हे कुणाच्याही लक्षात आलं नाही. २ वाजून ८ मिनिटांनी मारा सुरू झाला. ४२ माणसं मेली. २४ रुग्ण, १४ कर्मचारी आणि रुग्णांसोबत राहिलेले ४ नातेवाईक.

हा सगळा तपशील अमेरिकी सैन्याने स्वतःच्या चौकशीनंतर जाहीर केलेला आहे. शत्रूने केलेला आरोप म्हणून तो बाजूला सारता येत नाही. आम्ही हे प्रकरण घेतलं त्याचं पहिलं कारण तेच.

आम्ही म्हणजे सोलापुरात फौजदारी बाजूचं काम करणारे काही वकील, विधी महाविद्यालयातली चार-सहा मुलं आणि आणखी जो कुणी येईल तो. रविवारी सकाळी कोर्टाजवळच्या एका चेंबरमध्ये बसतो. एरवी जामिनाचा किंवा पुराव्याचा एखादा निकाल घेतो. पण टीव्हीवरच्या युद्धाच्या बातम्यांवरून वाद इतका चढला की युद्धात सामान्य माणसं मारली जातात तेव्हा अपघात कुठे संपतो आणि गुन्हा कुठे सुरू होतो, हे एकदा नीट बघायचं ठरलं. चालू युद्ध घ्यायचं नाही, हे मी आधीच सांगितलं होतं. तिथे कागद हाती नसतात आणि प्रत्येकाची बाजू घरून ठरवून आलेली असते. या वेळी नेहमीच्या मंडळींशिवाय दोघे आवर्जून आले होते. एक बार्शीकडचे निवृत्त सुभेदार, दुसऱ्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये वर्षानुवर्षं रात्रपाळ्या केलेल्या एक सिस्टर. वकिलांचा आवाज मोठा असला तरी त्या दिवशी ऐकण्यासारखं बरंचसं या दोघांनीच सांगितलं.

काय घडलं

२८ सप्टेंबर २०१५ ला तालिबानने कुंदूझ घेतलं. दोन दिवसांत अफगाण सैन्य आणि त्यांच्यासोबत अमेरिकेचं विशेष दल शहर परत घेण्यासाठी आत शिरलं. एमएसएफचं रुग्णालय २०११ पासून चालू होतं. त्या भागात गंभीर जखमांवर शस्त्रक्रिया करणारं तेवढंच एक. नियम साधा होता: हत्यार फाटकाबाहेर ठेवायचं, मग आत कुणीही या. लढाई सुरू झाल्यावर २९ सप्टेंबरला संस्थेने रुग्णालयाचे अक्षांश-रेखांश अमेरिकी आणि अफगाण अधिकाऱ्यांना पुन्हा पाठवले. हल्ल्याच्या वेळी आत १०५ रुग्ण होते. संस्थेच्याच अंदाजाने त्यांतले सुमारे २० जखमी तालिबानी आणि ३-४ सरकारी बाजूचे सैनिक.

त्या रात्री अफगाण दलाला गुप्तचर खात्याची एक इमारत हवी होती. ती तालिबानच्या ताब्यात होती. मारा तिच्यावर व्हायचा होता.

विमान ठरल्या वेळेच्या ६९ मिनिटं आधी उडालं. कुठे तरी आपले सैनिक अडचणीत आहेत असा निरोप आला आणि मोहिमेची नेहमीची माहिती न घेताच चालकदल निघालं. वाटेत दळणवळण यंत्रणेत बिघाड झाला. त्यामुळे चित्रण आणि संदेश वर पाठवता येईनात, वरून आलेले मिळेनात. कुंदूझवर पोहोचल्यावर क्षेपणास्त्राचा धोका वाटला म्हणून विमान लांब सरकलं. खालून मिळालेले आकडे यंत्रात भरले, तर यंत्राने नेम धरला तो मोकळ्या शेतावर, खऱ्या इमारतीपासून ३०० मीटरहून जास्त अंतरावर.

इथे सुभेदारसाहेबांनी पेन मागून घेतलं. एका जुन्या केसपेपरच्या पाठीवर स्टीलचा पेला उपडा ठेवून त्याभोवती गोल काढला. मध्ये एक टिंब. "हे विमान सरळ जाऊन बाँब टाकत नाही. त्याच्या तोफा डाव्या अंगाला असतात. लक्ष्याला डावीकडे धरून ते असं गोल फिरत राहतं आणि मारा करत राहतं." मग त्या गोलाबाहेर दुसरा, बराच मोठा गोल हाताने काढला. "लांब गेलं की तिरक्या नजरेने बघावं लागतं. आकड्यात फरक पडतो. यात नवल काही नाही. विमानातल्या लोकांनाही ते कळतं."

त्यांना ते कळलंही. शेतात इमारत नाही म्हटल्यावर त्यांनी जवळची मोठी इमारत शोधली. खालून अफगाण दलाने सांगितलेल्या वर्णनाशी ती साधारण जुळत होती. ते रुग्णालय होतं. पुढची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. विमान पुन्हा जवळच्या घेऱ्यात आलं तेव्हा यंत्राने तेच आकडे घेऊन बरोबर गुप्तचर खात्याची इमारत दाखवली. म्हणजे चूक उघडी पडली होती. दोन इमारती, दोन खुणा. चालकदलाने वर्णनावर विश्वास ठेवला, यंत्रावर नाही. ज्या अमेरिकी अधिकाऱ्याच्या सांगण्यावरून मारा होणार होता, तो खाली अशा जागी होता जिथून यांतली कुठलीच इमारत त्याला दिसत नव्हती. रुग्णालयाच्या आवारात कसलीही शत्रूची हालचाल विमानातून दिसली नव्हती, हेही अमेरिकेच्याच निवेदनात आहे.

मारा २९ मिनिटं चालला, असं सैन्य म्हणतं. एमएसएफच्या मते त्याहून बराच जास्त. २११ गोळे. अतिदक्षता विभागावर आधी, मग मुख्य इमारतीच्या बाकीच्या भागावर. बाजूच्या इमारती जवळपास शाबूत राहिल्या. सुरू झाल्यावर दहा-बारा मिनिटांत संस्थेचा फोन लष्करी मुख्यालयात पोहोचला होता: तुम्ही रुग्णालयावर मारा करताय. बगरामच्या मुख्यालयाला आणि खालच्या अधिकाऱ्याला काय झालंय ते उमगायला २ वाजून ३७ मिनिटं झाली. तोवर विमानाच्या तोफा आपोआपच थांबल्या होत्या.

सिस्टर इतका वेळ गप्प होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "त्या वेळी थिएटरमध्ये टेबलवर पेशंट होते का?" होते, असं संस्थेचा अहवाल सांगतो. "मग पळायचं कुणी? आयसीयूतला पेशंट पळत नसतो. त्याची नळी काढली तर तो तिथेच संपतो. आणि नळी न काढता सिस्टर त्याला सोडून पळत नसते." यावर कुणी काही बोललं नाही. मग कुणी तरी चहा सांगितला.

बदलत गेलेली कहाणी

फौजदारी वकिलाला पहिल्या जबाबात आणि दुसऱ्या जबाबात फरक दिसला की त्याचे कान टवकारतात. इथे पहिल्या दिवशी सांगितलं गेलं की सैन्याला धोका असणाऱ्या लोकांवर हल्ला केला, त्यात जवळच्या रुग्णालयाचं नुकसान झालं असावं. ५ ऑक्टोबरला अफगाणिस्तानातल्या अमेरिकी सैन्याचे प्रमुख जनरल जॉन कॅम्पबेल म्हणाले की अफगाण दलाने हवाई मदत मागितली होती. दुसऱ्या दिवशी अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे त्यांनीच सांगितलं की निर्णय अमेरिकी साखळीतच झाला आणि रुग्णालयावर चुकून मारा झाला. काही अफगाण अधिकारी मात्र रुग्णालयातूनच गोळीबार होत होता असं सांगत होते. एमएसएफने ते साफ नाकारलं. ७ ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष ओबामांनी संस्थेच्या अध्यक्ष जोआन ल्यू यांची माफी मागितली.

आमच्यातल्या एका ज्युनियरने यावरून लगेच 'खोटारडेपणा' असा शेरा मारला. मला तो पटत नाही. पहिल्या चोवीस तासांत माहिती खरोखर अर्धवट असते, हे कुठल्याही पोलीस ठाण्याचा पहिला पंचनामा पाहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. पण प्रत्येक नव्या कहाणीत दोष दुसऱ्याकडे सरकत होता आणि सरकायला जागा उरली नाही तेव्हा तो घरी आला, हेही नोंदवून ठेवायला हवं.

अपघात म्हणायचं तर

खरा वाद इथून सुरू झाला, आणि तो सुरू केला अक्कलकोटच्या एका तिसऱ्या वर्षाच्या मुलीने. "सर, नेम चुकलाच नाही की. ज्या इमारतीवर मारायचं ठरवलं तिच्यावरच मारलं. मग अपघात कुठंय ह्यात?"

एका वाक्यात तिने वादाचं अर्धं जंजाळ मोकळं केलं. गोळा सुटला, वाऱ्याने वळला आणि शेजारच्या घरावर पडला, तर तो अपघात. आपल्या कायद्यात त्यासाठी जुन्या दंडसंहितेचं कलम ८० होतं, आता भारतीय न्याय संहितेत ते कलम १८ आहे. त्यातही नुसता अपघात पुरत नाही. कृत्य कायदेशीर हवं, कायदेशीर रीतीने केलेलं हवं आणि योग्य ती काळजी घेऊन केलेलं हवं. शिवाय हे अपवादाचं कलम. म्हणजे तो बचाव घेणाऱ्यानेच तो सिद्ध करायचा. फिर्यादी पक्षाने 'अपघात नव्हता' हे दाखवत बसायचं नसतं.

कुंदूझमध्ये गोळे हव्या त्या ठिकाणीच पडले. चुकली ती समजूत, की ही इमारत शत्रूची आहे. आपल्याकडे त्यासाठी वेगळं कलम आहे, जुनं ७९, नवं १७: वस्तुस्थितीबद्दलची चूक. तिथेही एक अट आहे. ती समजूत सद्भावनेची हवी, आणि काळजी व लक्ष न देता केलेलं काहीही सद्भावनेचं नसतं, असं संहितेच्या व्याख्येतच लिहिलेलं आहे.

आता आमच्यातले ज्येष्ठ वकील पुढे झाले. बचावाची बाजू त्यांनी स्वतःहून घेतली होती आणि त्यांच्या पोतडीत काय असणार हे मला ठाऊक होतं: राम बहादूर थापा प्रकरण. ओडिशा उच्च न्यायालय, १९६० चा रिपोर्ट. महायुद्धातल्या एका ओसाड विमानतळावर भंगार घ्यायला आलेल्या व्यापाऱ्याचा हा नेपाळी नोकर. ती जागा भुताची म्हणून प्रसिद्ध. रात्री दिवा हलताना दिसला, आकृत्या दिसल्या, आणि याने खुकरी काढून भुतांवर हल्ला केला. ती भुतं म्हणजे कंदील घेऊन मोहाची फुलं वेचायला आलेल्या आदिवासी बायका होत्या. एक मेली, आणखी दोघी जखमी झाल्या. न्यायालयाने त्याला सोडलं. जास्त काळजी घेतली असती तर हे टळलं असतं, एवढ्यावरून कलम ७९ चं संरक्षण काढून घेता येत नाही, असं म्हटलं.

"मग विमानातल्यांना का नाही?" ज्येष्ठ वकील खुर्चीत मागे रेलले. "रात्र, भीती, खालून येणारे निरोप. थापाने कंदिलात भूत पाहिलं, यांनी इमारतीत तालिबान पाहिलं."

युक्तिवाद भक्कम आहे. विमानातल्या खालच्या दर्जाच्या लोकांपुरता मी तो मान्यही करतो. पण थापाच्या हातात खुकरी होती आणि डोक्यात लहानपणापासून ऐकलेली भुतं. त्याला कुणी नकाशा दिला नव्हता. इथे अख्खी यंत्रणा उभी केली होती ती नेमकी ही चूक होऊ नये म्हणून. प्रतिबंधित ठिकाणांची यादी त्यासाठीच असते, मारा करण्याआधी आकडे वर कळवायचे ते त्यासाठीच. आकडे कळवले गेले, यादी हाताशी होती, आणि ताडून पाहायचं तेवढं काम झालं नाही. ओसाड माळावर एकट्या नोकराला लावलेलं माप मुख्यालयातल्या अधिकाऱ्याला लावता येणार नाही.

सुभेदारसाहेबांना हे आवडलं नाही. "तुम्ही म्हणता तपासायचं होतं. खाली पोरं अडकलेली असतात. रेडिओवर आरडाओरड चालू असते. एक मिनिट उशीर झाला तर आपला माणूस जातो. तिथे तपासणं म्हणजे काय, ते या पंख्याखाली बसून कसं कळणार?"

ते मला कळणार नाही, हे खरं. त्या मिनिटाला बंदूक हातात असलेल्या माणसाला कायदाही सूट देतो. ती सूट द्यायलाच हवी. पण कुंदूझमध्ये विमानाखालच्या त्या इमारतीतून एकही गोळी येत नव्हती, आणि बगरामच्या खोलीत तर रेडिओवरची आरडाओरडही नव्हती.

तालिबानचे रुग्ण

एक मुद्दा एका ज्युनियरने जरा दबकतच काढला: आत २० तालिबानी होते ना?

त्याला आधी सिस्टरनी उत्तर दिलं. "आमच्याकडे पोलीस बेड्या घालून आणतात. खुनातला आरोपी असतो, मार खाल्लेला असतो. आम्ही टाके घालतो. त्याने काय केलंय ते कोर्ट बघेल." कायदाही नेमकं हेच सांगतो. जखमी होऊन खाटेवर पडलेला लढवय्या त्या क्षणापुरता लढवय्या राहत नाही. जिनिव्हा करारांनी रुग्णालयांना दिलेलं संरक्षण तिथे कोणाच्या जखमा बांधल्या जातात यावर अवलंबून नाही. रुग्णालयातून खरोखरच हल्ला होत असेल तर ते संरक्षण जातं, पण तेही आधी इशारा देऊन, वेळ देऊन. कुंदूझमध्ये इशारा नव्हता.

सोलापूरच्या माणसाला तर हे सांगायची गरज पडू नये. भैय्या चौकात ज्यांचं स्मारक आहे ते डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले आणि लढणाऱ्या सैन्याच्याच जखमा बांधत १९४२ मध्ये तिथेच गेले. त्यांच्या तंबूवर गोळे टाकणं चाललं असतं, असं या गावात कुणी म्हणेल का? ज्युनियर म्हणाला, "नाही सर, तसं नाही," आणि मुद्दा तिथेच मिटला.

गाळलेली मधली पायरी

२९ एप्रिल २०१६ ला अमेरिकेच्या सेंट्रल कमांडने चौकशी अहवाल जाहीर केला. ३,००० हून जास्त पानं. काही लोकांनी युद्धविषयक कायदा आणि माऱ्याचे नियम पाळले नाहीत, असं त्यात स्पष्ट आहे. पण कमांडचे प्रमुख जनरल जोसेफ व्होटेल यांचं म्हणणं असं की युद्धगुन्हा हा शिक्का साधारणपणे हेतुपुरस्सर कृत्यांसाठी राखलेला असतो, आणि रुग्णालय आहे हे यांना माहीत नव्हतं. १६ जणांवर कारवाई झाली, त्यात एक जनरल दर्जाचा अधिकारी. कुणाची बदली, कुणाला निलंबन, कुणाला लेखी ताशेरे, कुणाला पुन्हा प्रशिक्षण. फौजदारी खटला एकावरही नाही. मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी ६,००० डॉलर, जखमींना ३,०००.

गंमत अशी की त्यानंतर जगभर जो वाद झाला तो या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिला: युद्धगुन्हा की अपघात? एका टोकाला ठरवून केलेला खून, दुसऱ्या टोकाला दैवाचा घाला. मधलं सगळं गायब.

होटगी रोडवर भरधाव ट्रकने कुणाला चिरडलं तर कोर्टात ट्रकवाल्याला कुणी विचारत नाही की तू खून केलास की अपघात झाला. पोलीस सरळ हयगयीचं कलम लावतात, जुनं ३०४ अ, आता १०६. तो म्हणेल, मला मारायचं नव्हतं. सरकारी वकीलही तेच म्हणेल. मारायचं नव्हतं म्हणून तर हे कलम आहे! त्याच्या वर सदोष मनुष्यवध, जिथे परिणामाची जाणीव असते. त्याच्याही वर खून. इतक्या पायऱ्या आपल्या तालुका कोर्टातल्या शिरस्तेदाराला पाठ असतात.

आणि त्या अमेरिकेच्या लष्करी कायद्यातही आहेत. तिथल्या लष्करी न्यायसंहितेच्या कलम ११९ मध्ये घोर हयगयीने झालेला मनुष्यवध आहे, कलम १३४ खाली निष्काळजीपणाने घडवलेला मृत्यू आहे, कलम ९२ मध्ये कर्तव्यात कसूर. परक्या देशाचा कायदा लागत नाही, आंतरराष्ट्रीय न्यायालय लागत नाही. हेतू नव्हता हे व्होटेल यांचं वाक्य शब्दशः खरं मानलं तरी या तीन दारांपैकी एकही त्याने बंद होत नाही. या पायरीवर लष्करी न्यायालयासमोर एकाही माणसाला उभं केलं गेलं नाही, ही माझ्या मते या प्रकरणातली मुख्य गोष्ट. 'युद्धगुन्हा' हा मोठा शब्द वापरून लोकांनी नकळत सैन्याचं काम सोपं केलं. तो शब्द नाकारला की प्रकरण मिटल्यासारखं झालं.

मोठा शब्दही अगदी हवेत नव्हता. युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांसाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००३ मध्ये गालिच खटल्यात म्हटलं की नागरिकांवर 'जाणूनबुजून' हल्ला करण्यात बेपर्वाईही येते. परिणामाची फिकीर न करता केलेला हल्लाही त्यात बसू शकतो. एमएसएफचंही म्हणणं होतं की गंभीर उल्लंघन ठरायला हेतूच हवा असं नाही. उलट बाजूला, ज्या करारावर आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय उभं आहे त्या रोम करारातलं कलम ३० हेतू आणि जाणीव मागतं, आणि त्या मापाने विमानातल्या लोकांना दोषी धरणं अवघड आहे. मी बचावाचा वकील असतो तर तिथेच पाय रोवून उभा राहिलो असतो.

स्वतंत्र चौकशीची मागणी झाली होती. जिनिव्हा करारांच्या पहिल्या जादा प्रोटोकॉलखाली एक आंतरराष्ट्रीय तथ्यशोधन आयोग आहे. त्याने तयारी दाखवली. दोन्ही सरकारांची संमती लागत होती, ती मिळाली नाही. विषय तिथे संपला.

घरचं प्रकरण

दुसऱ्याच्या सैन्याबद्दल बोलताना सगळ्यांची जीभ मोकळी होती. मग त्याच मुलीने ओटिंगचं नाव घेतलं.

४ डिसेंबर २०२१, नागालँडचा मोन जिल्हा. कोळशाच्या खाणीतून पिकअपने घरी निघालेल्या मजुरांना बंडखोर समजून लष्कराच्या विशेष दलाने गोळ्या घातल्या. ६ जण मेले. त्यानंतर गावकरी जमले, चकमक उडाली आणि आणखी माणसं गेली. राज्याच्या विशेष तपास पथकाने ३० जवान-अधिकाऱ्यांवर आरोपपत्र ठेवलं. सशस्त्र दल विशेषाधिकार कायद्यामुळे खटल्याला केंद्राची मंजुरी लागते, ती केंद्राने नाकारली. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी कारवाई बंद केली. मंजुरी मिळाली तर पुढे जाता येईल, एवढं दार उघडं ठेवलं.

चेंबरमधलं वातावरण एकदम बदललं. एक वकील म्हणाले, ते वेगळं आहे. कसं वेगळं, हे त्यांना सांगता येईना. सुभेदारसाहेब बराच वेळ त्या पेल्याच्या गोलाकडे बघत होते. मग म्हणाले, "गाडी थांबवून बघायला हवी होती." बस, तेवढंच. थोड्या वेळाने पुढे म्हणाले, "पण त्या पोरांना सिव्हिल कोर्टात ओढू नका. आमचं आमच्यात कोर्ट मार्शल करा. आमचं कोर्ट कमी कडक नसतं." माझा अनुभव वेगळा असला तरी त्यांच्या म्हणण्याला वजन आहे. प्रश्न इतकाच की ते आमच्यातलं कोर्ट भरतं का. कुंदूझमध्ये भरलं नाही.

एका मुलाने १९६० च्या आपल्या जिनिव्हा करार अधिनियमाचा विषय काढला. गंभीर उल्लंघनाला त्यात चौदा वर्षांपर्यंत कैद, हेतुपुरस्सर हत्येला तर जन्मठेप किंवा फाशी आहे. पण त्याखाली कोर्टाने दखल घ्यायची ती सरकारच्या तक्रारीवरून. सरकारने आपल्याच सैन्याविरुद्ध तक्रार करायची. मुलं हसली.

सोलापुरात हे हसणं नेहमीचं नाही. ८ मे १९३० ला इथे जमावावर गोळीबार झाला, माणसं मेली, पुढे मार्शल लॉ लागला. मंगळवार पेठ चौकीच्या पोलिसांच्या हत्येसाठी मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. आठ महिन्यांत तपास, खटला, अपील, फास, सगळं आटोपलं. राज्याला आरोपी हवा असतो तेव्हा तो किती लवकर सापडतो, हे या गावात चार पुतळ्यांच्या रूपाने उभं आहे.

आरोपपत्राचा मसुदा

शेवटी मुलांना काम दिलं: कुंदूझ प्रकरणात आरोपपत्र लिहा, पण 'युद्धगुन्हा' शब्द न वापरता. अक्कलकोटच्या मुलीचा मसुदा मला सर्वांत पटला. तिने विमानातल्या चालकदलाला आरोपी केलंच नाही, साक्षीदार केलं. आरोपी क्रमांक एक, खालचा अधिकारी: लक्ष्य दिसत नसताना त्याने मारा करायला लावला. आरोपी क्रमांक दोन, मुख्यालयात त्या वेळी कामावर असलेला अधिकारी: २ वाजून ७ मिनिटांनी आलेले आकडे यादीशी ताडून पाहिले नाहीत, आणि रुग्णालयाचा फोन आल्यावरही सतरा-अठरा मिनिटं मारा थांबवला नाही. पहिल्या मुद्द्याला हयगय, दुसऱ्याला घोर हयगय.

ज्येष्ठ वकिलांनी यंत्राचा मुद्दा लगेच पकडला. जवळच्या घेऱ्यात यंत्र बरोबर दाखवत होतं, ते पाहणारे लोक तूच साक्षीदार केलेस, मग त्यांच्या तोंडून हे काढणार कसं? स्वतःला अडकवणारं कोण बोलेल? मुलीकडे उत्तर होतं: माफीचा साक्षीदार. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं ३०६, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ३४३. ज्येष्ठ वकिलांनी मान हलवली आणि आपल्या बाजूच्या कागदावर काही तरी खोडलं.

सुभेदारसाहेबांनी मसुद्यावर सही केली नाही. दुसऱ्या आरोपीला मात्र त्यांची हरकत नव्हती. "खोलीत बसलेल्याला सोडू नका," म्हणाले. सिस्टरनी सही केली आणि एक ओळ घालायला सांगितली, की रुग्णालयाचा फोन ज्याने उचलला त्याचा जबाब आधी घ्या. मुलीने ती ओळ घातली.

पुढच्या रविवारी ३ जुलै १९८८ चं इराण एअर ६५५ घ्यायचं ठरलंय. अमेरिकेच्या व्हिन्सेन्स युद्धनौकेने पाडलेलं प्रवासी विमान, २९० मृत, त्यांत १० भारतीय. तिथेही नौकेच्या यंत्रात विमान वर चढताना दिसत होतं आणि माणसं ते खाली येतंय असं सांगत होती. बचावाची बाजू या वेळी मी घेतलीय.